पस्तीस दिवस आणि एक ओळ

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

परवाच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही विदर्भातल्या मोठ्या न्यायाधीशांवर पानभर मजकूर लावला, वाचून बरं वाटलं. बोबडे साहेब आले, गवई साहेब आले, फोटो पण मस्त मोठे. आणि मग खाली उजव्या कोपऱ्यात, जिथे एरवी शब्दकोडं असते, तिथे हिदायतुल्ला साहेबांची एक ओळ. सरन्यायाधीश आणि राष्ट्रपती अशी दोन्ही पदं भूषवणारे एकमेव नागपूरकर. झालं, संपला माणूस. त्या एका ओळीत पण दोन गडबडी आहेत, त्या आधी सांगून टाकतो, पण माझं खरं दुखणं गडबडीचं नाही, ओळीचं आहे.

पहिली गडबड, ते जन्माने नागपूरकर नव्हते. जन्म लखनौचा, १७ डिसेंबर १९०५, आणि शाळा रायपूरची. १९२२ला मॅट्रिक होऊन ते इथे मॉरिस कॉलेजात आले आणि मग इथलेच झाले, त्यामुळे नागपूरकर म्हणायला माझी हरकत नाही, उलट छातीच फुगते, फक्त उद्या कुणी 'नागपूरचे सुपुत्र' असं हेडिंग देण्याआधी जरा बघावं. दुसरी, ते राष्ट्रपती 'झाले' नाहीत. राष्ट्रपतीपदाचं काम त्यांनी दोनदा पाहिलं, एकदा ३५ दिवस आणि एकदा २५ दिवस. निवडून आलेला वेगळा आणि कार्यवाहक वेगळा. आमच्या कोर्टात इनचार्ज रजिस्ट्रारला कुणी नुसतं रजिस्ट्रार साहेब म्हटलं तर चालून जाते, पण कागदावर नाही चालत.

मी वकील नाही हे पण सांगून ठेवतो नाहीतर कुणीतरी सनद विचारायचा. नागपूर खंडपीठात एका सिनियर वकील साहेबांकडे छत्तीस वर्षं मुन्शी होतो. वकालतनामे भरणे, रात्री बोर्ड बघून कोणतं मॅटर कितव्या नंबरवर आहे ते साहेबांना कळवणे, आणि पेशीच्या दिवशी एआयआरचे जाडे जाडे खंड लायब्ररीतून काढून, पानात कागदाच्या चिठ्ठ्या घालून, कोर्ट हॉलमध्ये टेबलावर क्रमाने लावून ठेवणे. हा एआयआर म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टर, आपल्या नागपुरातूनच निघतो, १९१४ पासून, हे पण बऱ्याच लोकांना माहीत नसते. तर चिठ्ठी घालता घालता पान वाचल्या जाते. इंग्रजी माझं यथातथाच, पण तेच तेच निकाल पन्नासदा उघडले की माणसाला काहीतरी कळायला लागते ना. हिदायतुल्ला मला असे कळले, चिठ्ठ्यांच्या मागून.

घरी नातू एमपीएससीचा अभ्यास करून राहिला आहे. त्याला तुमची ओळ दाखवली तर म्हणे हो आबा, हे पाठ आहे, सरन्यायाधीश, उपराष्ट्रपती आणि कार्यवाहक राष्ट्रपती तिन्ही झालेले एकमेव, पक्का एक मार्क. मी म्हटलं बरोबर, पण त्या ३५ दिवसात त्यांनी काय केलं सांग. तर म्हणे तेवढं डीपमध्ये विचारत नाहीत. आता पेपरवाले पण तेवढं डीपमध्ये जाणार नसतील तर मग मला लिहिणं भाग आहे.

नागपूरचं आधी उरकतो, कारण तुमच्या वाचकांना रोजचेच रस्ते आहेत. मॉरिस कॉलेजातून १९२६ला बीए, मग केंब्रिजचं ट्रिनिटी, लिंकन्स इनमधून बॅरिस्टर, आणि जुलै १९३०मध्ये परत येऊन नागपुरात वकिली सुरू. मुंबईला किंवा अलाहाबादला जाऊ शकले असते, नाही गेले. मग म्युनिसिपालिटीत मेंबर, पुढे नासुप्रवर, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासवर मेंबर, युनिव्हर्सिटीच्या लॉ कॉलेजात १९३५ ते १९४३ शिकवलं, ज्या कॉलेजच्या नावाने आपण आजही ऑटोवाल्याला 'लॉ कॉलेज चौक' सांगतो तेच. १९४३ला मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे अॅडव्होकेट जनरल, वय फक्त ३७. १९४६ला हायकोर्ट जज्ज, १९५४ला नागपूर हायकोर्टाचे चीफ जस्टिस.

इथे एक गोष्ट आहे जी मला नेहमी गप्प करते. त्यांचे थोरले भाऊ इकरामुल्ला, आयसीएस, फाळणीनंतर पाकिस्तानात गेले आणि त्या देशाचे पहिले परराष्ट्र सचिव झाले. म्हणजे १९४७च्या त्या सगळ्या भडक्यात एक भाऊ कराचीत परराष्ट्र खातं उभं करून राहिला आहे आणि दुसरा भाऊ सिव्हिल लाइन्सच्या त्या दगडी इमारतीत बसून इथल्या लोकांचे दावे ऐकून राहिला आहे. पुढच्याच वर्षी त्यांनी पुष्पा शहा यांच्याशी लग्न केलं, १९४८ साली, हिंदू मुलीशी. आजच्या व्हॉट्सअॅपवर या दोन बातम्या पडल्या असत्या तर काय झालं असतं याचा विचार तुम्हीच करा, मी करत नाही, बीपी वाढते.

मग १९५६ला राज्यं नवीन झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नागपूरचं हायकोर्ट मध्य प्रदेशच्या नावाने जबलपूरला गेलं, आपल्याकडे राहिलं खंडपीठ. आमचे बाबा तेव्हा हायकोर्टात दफ्तरी होते. ते सांगायचे की तिकडच्या जिल्ह्यांचे गठ्ठे वेगळे काढून सुतळीने बांधायचे आणि इकडचे ठेवायचे, काही कागद कुणाचे हेच कळत नव्हते, आणि बांधणाऱ्यांनाच माहीत नव्हतं की आपण गठ्ठ्यासोबत जायचं की राहायचं. बाबा राहिले. हिदायतुल्ला साहेब जबलपूरला चीफ जस्टिस म्हणून गेले आणि डिसेंबर १९५८मध्ये तिथून सुप्रीम कोर्टात. नागपूरचा आणि त्यांचा रोजचा संबंध तिथे संपला म्हणा.

आता १९६९. हे नीट वाचा कारण यातच माझा मुद्दा आहे.

३ मेला राष्ट्रपती झाकीर हुसेन गेले, पदावर असतानाच. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी काम पाहायला लागले. घटनेत इथपर्यंतच लिहिलं होतं, राष्ट्रपती नसला तर उपराष्ट्रपती, पण उपराष्ट्रपती पण नसला तर कोण हे लिहिलंच नव्हतं, ते संसदेवर सोडलं होतं. आणि गिरींना तर स्वतःच निवडणूक लढवायची होती. म्हणून मे महिन्यातच घाईघाईने कायदा झाला की अशा वेळी सरन्यायाधीशांनी काम पाहायचं. २० जुलैला गिरींनी राजीनामा दिला आणि हिदायतुल्ला साहेब थेट राष्ट्रपती भवनात. तोच दिवस ज्या दिवशी आर्मस्ट्राँगचं यान चंद्रावर उतरलं, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पहिल्या पानावर कुणाला किती जागा मिळाली असेल ते तुम्हाला जास्त माहीत. सुप्रीम कोर्टात त्यांच्या जागी न्या. जे. सी. शहा कार्यवाहक.

मला यातली गंमत अशी वाटते की दोनच वर्षांआधी सुब्बा राव साहेबांनी सरन्यायाधीशपदाचा राजीनामा देऊन राष्ट्रपतीपदाची निवडणूक लढवली होती, विरोधी पक्षांतर्फे, आणि झाकीर हुसेन यांच्यासमोर हरले होते. ज्याने मागितली त्याला खुर्ची मिळाली नाही, आणि ज्याने मागितली नाही त्याच्या दारात ती चालत आली. ३१ जुलैला अमेरिकेचे निक्सन दिल्लीला आले, तेव्हा यजमान म्हणून मेजवानीला उभे कोण, तर आपले मॉरिस कॉलेजवाले.

पण मेजवानी सोडा. गिरींनी राजीनाम्याच्या आदल्या दिवशी, १९ जुलैला, १४ बँका सरकारी करण्याच्या वटहुकमावर सही केली होती. त्यात आपली पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र पण होती. मग संसदेत बिल आलं, पास झालं, आणि ९ ऑगस्ट १९६९ला त्या बिलावर सही केली हिदायतुल्ला साहेबांनी. करावीच लागते, मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालायचं असते, तिथे जज्जगिरी चालत नाही. २४ ऑगस्टला गिरी निवडून येऊन राष्ट्रपती झाले (उभे राहिलेल्यांत आपले सी. डी. देशमुख पण होते, तिसरे आले, बिचाऱ्यांची आठवण आता कुणी काढत नाही) आणि साहेब परत सुप्रीम कोर्टात सरन्यायाधीशाच्या खुर्चीवर. आणि कोर्टात समोर वाट पाहून राहिलं होतं काय, तर तोच बँकांचा कायदा. कूपर नावाच्या शेअरहोल्डरने आव्हान दिलं होतं, पालखीवाला वकील.

आता बघा. देशातली त्या वर्षीची सगळ्यात मोठी केस. अकरा न्यायाधीशांचं बेंच बसलं. आणि सरन्यायाधीश त्यात नाहीत. शहा साहेब अध्यक्षस्थानी. १० फेब्रुवारी १९७०ला निकाल लागला, दहा विरुद्ध एक, कायदा रद्द. म्हणजे स्वतःच्या सहीचा कायदा स्वतःच्याच कोर्टाने फाडला आणि हे बाजूच्या चेंबरमध्ये बसून. नंतर सरकारने चार दिवसात नवीन वटहुकूम काढला ती गोष्ट वेगळी.

तुम्ही म्हणाल यात काय विशेष, ज्याने सही केली त्याने त्याच केसमध्ये बसायचं नाही हे तर खालच्या कोर्टातल्या कोणत्याही जेएमएफसी मॅजिस्ट्रेटला कळते. कळते हो. पण मी छत्तीस वर्षात पाहिलं आहे की कळणं वेगळं आणि मोठ्ठी केस समोर असताना हात मागे घेणं वेगळं. सरन्यायाधीशच ठरवतो कोणत्या बेंचवर कोण बसेल. बोर्ड त्याच्या हातात. आणि त्याने स्वतःलाच बोर्डातून बाहेर ठेवलं. ते ३५ दिवस राष्ट्रपती होते हा मार्काचा प्रश्न आहे, पण राष्ट्रपती भवनातून परत आल्यावर ते काय बनून परत आले हे मला ९ ऑगस्ट आणि १० फेब्रुवारी या दोन तारखा शेजारी ठेवल्या की दिसते.

आणि सरकारची मर्जी राखून परत आले असं कुणाला वाटत असेल तर त्याच वर्षाचा डिसेंबर बघा. संस्थानिकांचे तनखे बंद करायचं बिल राज्यसभेत थोडक्यात पडलं म्हणून सरकारने राष्ट्रपतींच्या आदेशाने राजांची मान्यताच काढून घेतली. त्या केसमध्ये मात्र ते बसले. १५ डिसेंबर १९७०ला आदेश रद्द केला आणि दुसऱ्या दिवशी रिटायर झाले. राजांचं मला काही प्रेम नाही, पुढच्या वर्षी घटनादुरुस्ती होऊन तनखे गेले ते चांगलंच झालं, पण मागच्या दाराने करू नका हे सांगायला निवृत्तीच्या आदल्या दिवशी दम लागतो.

माझी आवडती चिठ्ठी मात्र वेगळीच आहे. एआयआर १९६७ सुप्रीम कोर्ट पान १. पहिलंच पान, शोधायलाच लागत नाही, नवीन ज्युनियर आला की मी मुद्दाम त्याच्यासमोर डोळे मिटून उघडून दाखवायचो. मिरजकर केस. आणि संपादक साहेब, ही तर तुमच्या धंद्याची केस आहे, पत्रकाराची. मुंबई हायकोर्टात 'ब्लिट्झ'चे संपादक करंजिया यांच्यावर बदनामीचा दावा चालू होता. एक साक्षीदार म्हणाला की माझी आधीची साक्ष पेपरात आल्यामुळे धंद्यात नुकसान झालं, आता छापू देऊ नका. तारकुंडे साहेब जज्ज होते, त्यांनी तोंडी सांगितलं, छापू नका. हो तेच सासवडचे तारकुंडे, जे पुढे नागरी स्वातंत्र्यासाठी आयुष्यभर भांडले, माणसाचं असं असते. मिरजकर नावाचे वार्ताहर सुप्रीम कोर्टात गेले की आमचा हक्क मारला. नऊ जज्जांचं बेंच, सरन्यायाधीश गजेंद्रगडकर, सातारचे. निकाल आठ विरुद्ध एक. आठ जण म्हणाले कोर्टाच्या आदेशाने मूलभूत हक्काचा भंग झाला असं म्हणून इथे येता येत नाही. तो एक म्हणजे हिदायतुल्ला.

त्यांचं म्हणणं माझ्या मुन्शी भाषेत सांगायचं तर असं, की कोर्टाचं दार उघडं असते ते लोकांना बघता यावं म्हणून, आणि जो आत येऊ शकत नाही त्याच्यासाठी पेपर आहे, तर साक्षीदाराला धंद्यात तोटा होतो एवढ्यासाठी दार लावता येणार नाही, आणि जज्जाने लावलं तर त्याच्याविरुद्धही दाद मागता आली पाहिजे. आजही कायदा म्हणून बहुमताचाच निकाल चालतो, पण आठ जणांनी एका बाजूला मान हलवल्यावर नवव्याने नाही म्हणणं, ते पण पत्रकारासाठी, आणि पत्रकारांच्याच पेपरात त्या माणसाला शब्दकोड्याच्या जागेत एक ओळ. म्हणून लागलं मला.

दुसरं एक रोजच्या उपयोगाचं. लोहिया केस, १९६६. राममनोहर लोहियांना स्थानबद्ध केलं होतं. त्यात हिदायतुल्लांनी सांगितलं की मनात तीन वर्तुळं काढा, एकात एक. सगळ्यात मोठं कायदा आणि सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं, आणि सगळ्यात आत देशाच्या सुरक्षेचं. बाहेरच्या वर्तुळात काही झालं म्हणजे आतलं बिघडलंच असं नाही. दोन जणांची मारामारी झाली म्हणून सगळं गाव पेटलं असं होत नाही. आमच्या साहेबांकडे एमपीडीए, म्हणजे खटल्याआधीच स्थानबद्ध करायच्या कायद्याखाली आत टाकलेल्या पोरांचे मॅटर यायचे, कुणी दारू विकून राहिला, कुणी वस्तीत चाकू दाखवला, आणि आदेशात ठोकून दिलेलं असायचं की सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका. साहेब उभे राहून ती तीन वर्तुळं हवेत बोटाने काढायचे. कितीतरी आया बाहेर व्हरांड्यात डबा घेऊन बसलेल्या असायच्या, त्यांना हिदायतुल्ला कोण हे कधीच कळलं नाही, पोरगं मात्र घरी गेलं.

घटनेबद्दल पण एक सांगायला पाहिजे कारण त्यात आपला आणखी एक माणूस आहे. १९६५च्या सज्जन सिंग केसमध्ये पाच जज्जांपैकी दोघांनी शंका काढली की संसद मूलभूत हक्कांत पाहिजे तशी दुरुस्ती कशी करू शकेल. एक हिदायतुल्ला, आणि दुसरे न्या. जनार्दन मुधोळकर, आपल्या अमरावतीच्या रघुनाथराव मुधोळकरांचे चिरंजीव. दोघंही नागपूर हायकोर्टातून गेलेले. घटनेचं मूळ स्वरूप बदलता येईल का हा प्रश्न मुधोळकरांनी तेव्हाच टाकून ठेवला, ज्याचं पुढे केशवानंद भारती केसमध्ये, घटनेचा मूळ ढाचा संसदेला बदलता येत नाही असं, एवढं मोठं झाड झालं. दोन वर्षांनी गोलकनाथ केसमध्ये हिदायतुल्ला, संसदेला मूलभूत हक्क कमी करता येत नाहीत म्हणणाऱ्या सहा जणांच्या बाजूला गेले, पण वेगळं निकालपत्र लिहून, आणि त्यात हे पण लिहून ठेवलं की संपत्तीचा हक्क मूलभूत हक्कात टाकणं हीच चूक होती. म्हणजे ना इकडचे ना तिकडचे, स्वतःचे.

देव मानत नाही मी त्यांना. मुंबईच्या एका पुस्तकाच्या स्टॉलवाल्याला एक इंग्रजी कादंबरी विकली म्हणून अश्लीलतेच्या कलमाखाली वीस रुपये दंड झाला होता, तो सुप्रीम कोर्टात कायम करणारा निकाल यांचाच, १९६४चा. विलायतेत ते पुस्तक तोपर्यंत सुटलं होतं आणि आपण मात्र तिकडचीच शंभर वर्षं जुनी फूटपट्टी धरून बसलो. हा निकाल मला पटला नाही आणि पटणार पण नाही. १९७०ला नंबुद्रीपाद यांच्या कोर्टाच्या बेअदबीच्या केसमध्ये पण शिक्षा कायम ठेवली, हायकोर्टाचा हजार रुपये दंड पन्नासवर आणला, आणि वर मार्क्स तुम्हाला नीट कळला नाही असं कम्युनिस्ट पुढाऱ्यालाच ऐकवलं. याचं मात्र मला हसू येते, पन्नास रुपयात शिकवणी.

रिटायर झाल्यावर जवळजवळ नऊ वर्षं कोणतीही सरकारी खुर्ची नाही. १९७९ला उपराष्ट्रपती झाले ते बिनविरोध, सगळ्या पक्षांना चालले म्हणून. हल्ली कोट खुंटीला टांगून चार महिने होत नाहीत तर कुणी राज्यसभेत दिसते कुणी राजभवनात, नावं घेत नाही, तुम्हीच छापता. मधे १९८२च्या ऑक्टोबरमध्ये झैलसिंग ऑपरेशनसाठी अमेरिकेला गेले तेव्हा ६ ते ३१ तारीख परत राष्ट्रपतीपदाचं काम पाहिलं. १९८४ला मोकळे झाले. १८ सप्टेंबर १९९२ला मुंबईत गेले. रायपूरवाल्यांनी त्यांच्या नावाने लॉ युनिव्हर्सिटी काढली, २००३ साली. त्यांची शाळा तिथली होती, त्यांनी लक्षात ठेवलं.

तेव्हा माझी विनंती एवढीच की पुढच्या रविवारी दुरुस्ती छापा. 'राष्ट्रपती'च्या आधी 'कार्यवाहक' टाका. आणि जमलं तर त्याच कोपऱ्यात, तेवढ्याच जागेत, मिरजकर केसचे चार शब्द टाका, तुमच्या रिपोर्टर पोरांना तरी कळेल.

आपला,
एक निवृत्त मुन्शी, नागपूर

ता.क. पत्र लांबलं हे मला दिसून राहिलं आहे. कापायचं तर नासुप्र कापा, नातू कापा, निक्सनची मेजवानी कापा. ९ ऑगस्टची सही राहू द्या.